प्रत्यक्ष स्वसंरक्षणाच्या प्रसंगी लाथांचा कितपत उपयोग होतो?

‘माझी मुलगी चार वर्षे तायक्वांदो शिकत आहे, रस्त्यात कोणी अंगावर आले तर तिच्या लाथा कामी येतील का,’ असे आपण विचारले आहे. मी स्वतः कराटे शिकलो आणि पुढे बारा वर्षे संध्याकाळचे वर्ग घेतले, त्या अनुभवावरून सांगतो की येतील, पण ज्या लाथांनी तिला पदके मिळतात त्या बहुधा नाहीत.

याचे कारण खेळाच्या नियमांत आहे. तायक्वांदोत धडावर बसलेल्या लाथेला २ गुण, डोक्यावरच्या लाथेला ३, गिरकी घेऊन मारली तर त्याहून अधिक आणि ठोशाला अवघा १ गुण मिळतो. कमरेखाली मारल्यास दंड होतो आणि चेहऱ्यावर ठोसा मारण्यास मनाई आहे. त्यामुळे चांगल्या खेळाडूचेही हात लढताना बाजूला लोंबत असतात, आणि समोरच्याची नडगी हे लक्ष्य आहे हे त्याच्या नजरेलाच राहत नाही. यात खेळाचा दोष नाही. ज्याला गुण आहेत त्याचाच सराव होणार.

एका पावसाळ्यात मी विद्यार्थ्यांना गणवेश न घालता, ज्या कपड्यांत ते कॉलेजला किंवा नोकरीवर जातात त्याच कपड्यांत यायला सांगितले आणि सराव सभागृहाबाहेरच्या ओल्या फरशीवर घेतला. घट्ट जीन्समुळे एरवी कानशिलापर्यंत जाणारे पाय कमरेशी अडले. एकाची चप्पल पायातून सुटून कुंपणापलीकडच्या पत्र्यावर जाऊन पडली. आणि वर्गातली सर्वांत तरबेज मुलगी पाठीवरच्या सॅकच्या वजनाने राउंडहाउस किक, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची लाथ, मारतानाच मागे ओढली जाऊन दाणकन खाली बसली. कोणाला फारसे लागले नाही, पण त्या दिवसानंतर उंच लाथांविषयी मला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच पटते. चढाई करणाऱ्याने लाथ मारण्यासाठी पाय लांबवला की कोपऱ्यातला खेळाडू ‘घोटा पकड’ करण्यासाठी नेमक्या त्याच क्षणाची वाट पाहत असतो, कारण तेवढा वेळ चढाईपटू एका पायावर असतो. पाय जितका उंच आणि जितका वेळ वर, तितका तो हाती लागण्याचा धोका अधिक. शिवाय नडगीवर नडगी आदळली तर मारणाऱ्याचेच हाड मोडू शकते. २०१३ साली मिश्र मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) एका लढतीत अँडरसन सिल्वाची लाथ प्रतिस्पर्धी ख्रिस वाइडमनने पायाने अडवली तेव्हा सिल्वाच्या बाबतीत असेच घडले, आणि २०२१ मध्ये दुसऱ्या एका लढतीत खुद्द वाइडमनवर तीच पाळी आली. वर्षानुवर्षे पाय कणखर केलेल्या व्यावसायिकांची ही कथा आहे.

मग उरते काय? उरते ते दिसायला साधे, पण भरवशाचे. पहिली म्हणजे पुढे ढकलणारी लाथ: गुडघा वर घेऊन पूर्ण तळव्याने समोरच्याच्या ओटीपोटावर किंवा मांडीच्या वरच्या भागावर रेटा द्यायचा. तिचा हेतू इजा करण्याचा नसून दोन पावलांचे अंतर मिळवून पळण्याचा असतो. दुसरी नडगीवरची. तिथे हाडावर मांसाचे आवरण नसल्यामुळे बुटाची कड बसली की कळ मस्तकात जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना हातघाईची लढाई शिकवणारे, पूर्वी शांघायच्या पोलीस दलात असलेले विल्यम फेअरबेर्न हीच लाथ शिकवत: कड नडगीवर मारायची, तशीच खरवडत खाली आणायची आणि शेवटी सगळा भार त्याच्या पावलावर टाकायचा. कोणी कवेत धरले असेल, तर लाथेला जागाच नसते. तिथे गुडघाच चालतो. जांघेत मारण्याच्या सल्ल्यावर मात्र सारी भिस्त ठेवू नये, कारण तो नेम वाटतो त्यापेक्षा अधिक वेळा चुकतो आणि भडकलेल्या माणसाला वेदना उशिरा जाणवते.

लाथांचे महत्त्व सर्वांत जास्त जिथे आहे, तिथला सराव आपल्याकडे फारसा कोणी घेत नाही, आणि ती जागा म्हणजे जमीन. ढकलले जाऊन पाठीवर पडल्यावर हात समोरच्यापर्यंत पोहोचत नाहीत, पण पाय पोहोचतात आणि तोल जाण्याची भीतीही संपलेली असते. हनुवटी छातीशी, हात चेहऱ्यापुढे, तो ज्या बाजूने येईल त्या बाजूला कमरेवर फिरत तळवे त्याच्याकडे ठेवायचे, आणि तो वाकताच टाचेने गुडघ्यावर किंवा नडगीवर मारायचे. तो मागे सरला की एक हात टेकून, नजर त्याच्यावरून न हलवता उठायचे. हे उठणेच सर्वांत अवघड आहे. माझ्या वर्गात त्याला महिने लागत.

कायद्याचेही सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे, पण बचावासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. हल्लेखोर पडून निपचित झाल्यावर त्याच्या डोक्यात घातलेली लाथ बचाव ठरणे कठीण.

मुलीचा वर्ग बंद करू नये. तिच्या पायांत आलेला वेग, अंतराचा अंदाज आणि मार खाण्याची सवय दुसरीकडे सहज मिळत नाही. एखाद्या रविवारी तिला रोजचे बूट आणि दप्तर घालून उभी करा, आपण एक जाड उशी मांडीशी धरा, आणि ढकलणारी लाथ मारून दाराबाहेर पळायला सांगा. पहिल्या चार-पाच खेपांना ती लाथ मारून तिथेच पवित्रा घेऊन उभी राहील, कारण इतकी वर्षे तिने तेच केले आहे.