वाचकांचे प्रश्न : चुंबकीय नॅनोकण शरीरात चालतील का?

प्रश्न : मॅग्नेटाइटचे (लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) कण करून त्यांना सायट्रेटचा लेप दिला. पाण्यात ते छान तरंगतात, पण सलाइनमध्ये तासाभरात गुठळ्या होतात. असं का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : सायट्रेट कणांना फक्त ऋण प्रभाराच्या जोरावर दूर ठेवतं. सलाइनमधलं मीठ तो प्रभार झाकून टाकतं, मग कण एकमेकांना चिकटतात. रक्तात मीठही आहे आणि प्रथिनंही, म्हणून पाण्यातल्या स्थैर्यावर विसंबू नका.

आधी मुळातली कृती तपासा. १०० मिली पाण्यातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवा. त्यात फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट २.७० ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट ०.९९ ग्रॅम विरघळवा, म्हणजे मोलमध्ये २:१ प्रमाण जमतं. ७० ते ८० अंशांवर जोरात ढवळत २५ टक्के अमोनिया १५ ते २० मिली एकदम घाला. रंग काळाकुट्ट व्हायला हवा. तपकिरी झाला, तर आत हवा शिरली किंवा फेरस मीठ जुनं, आधीच गंजलेलं होतं. अर्ध्या तासाने कण चुंबकाने तळाशी धरून ठेवा आणि सामू ७ च्या आसपास येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा.

सायट्रेट ८० ते ९० अंशांवर तासभर दिलं, तरी त्याची पकड ढिली असते. डायलिसिस (इथे अर्थ : कणांचा द्रव बारीक छिद्रांच्या पिशवीत ठेवून सुटी रसायनं पाण्यात झिरपू देणं) खूप वेळ चाललं तर सायट्रेटही निघून जातं. डायलिसिस मात्र टाळता येत नाही, कारण सुटं फेरस लोखंड पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते डीएनएपर्यंत नुकसान करतात. म्हणून कार्बॉक्सिमिथाइल डेक्स्ट्रान किंवा पॉलिइथिलिन ग्लायकॉलकडे वळा. हे लेप आपल्या आकारमानानेही कण दूर ठेवतात. मग सलाइनमध्ये १० टक्के सीरम (रक्तातला प्रथिनं असलेला पातळ द्रव) घालून ३७ अंशांवर २४ तास ठेवा आणि आकार पुन्हा मोजा. तो वाढला, तर लेप बदलायलाच हवा.

पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत काळे कण स्वतःच प्रकाश शोषतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशींशिवाय नुसत्या कणांचा एक नियंत्रण-गट हमखास ठेवा.

प्रश्न : शेवटी ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेत तापवलं) की निर्जंतुक झालं ना? (प्रयोगशाळा सहायक, खानापूर)

उत्तर : जिवाणू मरतात, पण त्यांच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन तसंच राहतं आणि शिरेतून गेलं की ताप, थंडी, रक्तदाब कोसळणं असं काहीही होऊ शकतं. राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी कितीही उकळलं तरी ते या कामाचं नाही. सुरुवातीपासून पायरोजेनमुक्त (ताप आणणारे पदार्थ नसलेलं) पाणी घ्या, काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास कोरडी भाजा आणि शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. गाळण्याने जिवाणू अडतात, एंडोटॉक्सिन नाही. १२१ अंशांच्या वाफेत काही लेप सुटतात, तेव्हा त्यानंतरही आकार मोजा.

शिरेतून द्यायच्या औषधासाठी मर्यादा तासाला दर किलो वजनामागे ५ एंडोटॉक्सिन युनिट अशी आहे. एंडोटॉक्सिन शोधणाऱ्या, रंगावर वाचायच्या एलएएल चाचणीत काळा द्रव घोळ घालतो, म्हणून द्रव गोठतो का ते पाहणारी जेल-क्लॉट पद्धत बरी. नमुन्यात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ते परत सापडतं का, हेही पाहा. न सापडलं तर ‘शून्य’ हा निकाल खोटा.

प्रश्न : उद्यमबागच्या फाउंड्रीतली लोखंडी भुकटी बारीक दळून चालेल का? (एक कारखानदार)

उत्तर : मुळीच नाही. त्यात मँगनीज, क्रोमियम, निकेल असू शकतात आणि दळलेल्या कणांचे आकार मायक्रॉनपर्यंत वेडेवाकडे असतात. असे कण फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत अडकतील.

प्रश्न : आईचं डायलिसिस चालू आहे. तिला देतात ते लोखंडाचं इंजेक्शन हेच का? (वाचक, निपाणी)

उत्तर : आपल्याकडे सर्रास देतात ते आयर्न सुक्रोज. तेही लोखंडाचे अतिसूक्ष्म कणच, पण चुंबकीय वापरासाठी केलेले नव्हेत. चुंबकीय गाभ्याचं फेरुमॉक्सिटॉल अमेरिकेत २००९ मध्ये मूत्रपिंडविकारातल्या रक्तक्षयासाठी मान्य झालं. तीव्र ॲलर्जीमुळे काही मृत्यू झाल्यावर २०१५ मध्ये त्यावर ठळक इशारा आला. तेव्हापासून ते सलाइनमध्ये मिसळून किमान १५ मिनिटं घेऊन हळूहळू सोडतात आणि नंतर अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवतात. ते दिलं असेल तर पुढचे तीन महिने एमआरआयची चित्रं बदललेली दिसू शकतात. म्हणून इंजेक्शनचं नाव आणि तारीख आईच्या फाइलवर लिहून घ्या आणि एमआरआयच्या आधी ती तिथल्या डॉक्टरांना दाखवा.