पंधरा महिन्यांचा कोर्स, पण हिशेब अडीच वर्षांचा धर

अगं,

तुझा मेसेज काल सकाळी नाइट संपवून पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्याच वाचला, दोनदा वाचला, आणि घाईत चार ओळी टाकाव्यात असं वाटेना म्हणून आज सुट्टीच्या दिवशी नीट लिहितेय. पुण्यातून मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, दोन वर्षं लॅबमध्ये नोकरी, मग लग्न होऊन न्यू जर्सी, आता ईएडी, म्हणजे इथे काम करायची परवानगी, हातात आलंय आणि नर्सिंग करायचंय, तेही एबीएसएनच, म्हणजे आधीच पदवी असलेल्यांसाठीचा नर्सिंगचा झटपट बीएस्सी कोर्स. चांगलं ठरवलंयस. घरचे "एवढं शिकून नर्स?" म्हणाले ते मनाला लावून घेऊ नकोस, माझ्याही घरी हेच ऐकावं लागलं होतं आणि आज त्याच घरात कुणाला चक्कर आली तरी पहिला फोन मला येतो.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंयस की "१५ महिन्यांत होऊन जाईल". नाही गं, होत नाही. ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयातली पदवी आहे त्यांच्यासाठीचे हे कोर्स ११ ते १८ महिन्यांचे असतात हे खरंय, सेंट लुईस युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये असा पहिला कोर्स सुरू केला तेव्हापासून कल्पना तीच आहे, पण ते महिने मोजायला सुरुवात होते वर्गात पाय ठेवल्यावर. त्याआधीचं वर्ष-सव्वा वर्ष कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही आणि माझ्या बघण्यातली बहुतेक मुलं तिथेच अडकली, हुशारी कमी होती म्हणून नाही, तर सुरुवात उशिरा केली म्हणून.

ते वर्ष कशात जातं तर प्रीरेक्विझिट्समध्ये, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायच्या विषयांत. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी एक आणि दोन लॅबसकट, मायक्रो लॅबसकट, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, बऱ्याच ठिकाणी न्यूट्रिशन आणि डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी. तुला सगळ्यात जास्त टोचेल ते आधीच सांगते, तीन वर्षं मायक्रो शिकलीस तरी इथे मायक्रो पुन्हा करावं लागण्याची शक्यता खूप आहे. कारण अनेक शाळांना सायन्सचे विषय अमेरिकेतल्याच कॉलेजातून हवे असतात आणि तेही गेल्या पाच किंवा सात वर्षांतले. अपमान वाटून घेऊ नकोस, उलट तो तुझा हक्काचा ए आहे, घेऊन टाक. कम्युनिटी कॉलेजात कर, स्वस्त पडतं, फक्त लॅब ऑनलाइन घेण्याआधी ज्या शाळांना अर्ज करणार त्यांना विचार, कारण काही जण ऑनलाइन लॅब मानत नाहीत. आणि दोन अवघड सायन्स एकाच उन्हाळी सत्रात कोंबू नकोस. जाहिरातीत किमान जीपीए (सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी) ३.० लिहिलेला असतो, पण ती फक्त दारातून आत घेण्याची अट आहे, आत गेल्यावर गाठ पडते ती ३.६-३.७ वाल्यांशी, आणि सायन्सचा जीपीए बऱ्याच शाळा वेगळा काढून बघतात. सी आला तर पुन्हा बसता येतं, पण कितीतरी ठिकाणी दोन्ही ग्रेड धरतात, म्हणून पहिल्यांदाच निवांत वेळ देऊन कर.

भारतातल्या पदवीचं एक मोठं काम आहे. परदेशी पदव्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन, म्हणजे एकेक विषय इथल्या कशाच्या बरोबरीचा ते, करून घ्यावं लागतं, आणि आपली तीन वर्षांची बीएस्सी कुठली शाळा इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरते, कुठली धरत नाही. हे फोनवर विचारू नकोस, ईमेलवर लेखी घे आणि तो ईमेल जपून ठेव. ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत कागद) युनिव्हर्सिटीकडे आजच अर्ज टाक, पुण्यात कुणी घरचं माणूस असेल तर त्यांच्या मागे लाग, हे काम आपल्या सोयीने कधीच होत नाही.

माझं पहिलं वर्ष याच कागदांनी खाल्लं. २०१५ मध्ये एच-फोरवाल्या, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन व्हिसावर आलेल्या, काही जणींना कामाची परवानगी मिळायला लागली, त्यात मी होते, पुढच्या वर्षी नर्सिंगकॅसवर, म्हणजे अनेक नर्सिंग शाळांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाइटवर, तीन शाळांना अर्ज केला, शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी सबमिट केला आणि समाधानाने झोपले. एका कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट उशिरा पोचली आणि नर्सिंगकॅसची पडताळणी त्या तारखेच्या आत झालीच नाही. दोन शाळांना "व्हेरिफाइड" अर्ज हवा होता, नुसता "सबमिटेड" चालत नव्हता. त्यांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. तिसऱ्या शाळेने वाचून नकार दिला, त्याचं वाईट वाटलं नाही, पण त्या दोघींचं अजून वाटतं. म्हणून प्रत्येक शाळेच्या नावापुढे ही तारीख सबमिटची की व्हेरिफाइडची ते लिहून ठेव, आणि अर्ज तारखेच्या आधी निदान सहा आठवडे गेला पाहिजे असं धरून चाल.

टीज या प्रवेश परीक्षेबद्दल फार लिहीत नाही, तुला जमेल. १७० प्रश्न, २०९ मिनिटं, वाचन, गणित, सायन्स, इंग्रजी. गणित दहावीच्या पलीकडचं नाही, पण औंस, पाउंड, इंच आपल्या अंगवळणी नसतात, तेवढे पाठ कर. काही शाळा टीजऐवजी हेसी नावाची परीक्षा घेतात, तर यादी करताना शक्यतो एकाच परीक्षेवाल्या शाळा निवड, दोन दोन तयाऱ्या नकोत.

आता मला जे खरं सांगायचंय ते. अर्जासोबत "मला नर्स का व्हायचंय" ते सांगणारं जे स्टेटमेंट द्यायचं, त्याचा तुझा कच्चा खर्डा वाचला. "लहानपणापासून लोकांची सेवा करण्याची आवड" हे पहिलं वाक्य काढून टाक. खोटं आहे म्हणून नाही, तुझ्याबाबतीत ते खरंच असेल, पण वाचणाऱ्याला त्यातून तू दिसत नाहीस. आणि तू दिसत नाहीस कारण अजून तू पेशंटला हात लावलेला नाहीस. आधी तो लाव. सीएनएचं, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचं, ट्रेनिंग कर, केंद्राच्या नियमाने किमान ७५ तासांचं असतं, राज्यागणिक जास्तही असतं, काही आठवड्यांत होतं, आणि तुझ्याकडे ईएडी आहे तर मग आठवड्यातून दोन शिफ्ट नोकरी कर.

मी पहिला नकार आल्यावर तेच केलं. नर्सिंग होममध्ये, थंडीचे दिवस, सकाळी सहा. स्ट्रोक झालेल्या एक आजी होत्या, उजव्या हाताची मूठ कायमची आवळलेली. मी तोंड पुसलं, पाठ पुसली आणि तो हात वरवर पुसून पुढे निघाले तर तिथल्या जुन्या एडने, म्हणजे मदतनीस बाईने, मला थांबवलं, म्हणाली, मुठीच्या आतून कोण पुसणार? मग तिने दाखवलं, कोमट पाण्यात हात जरा वेळ धरायचा, जोर लावायचा नाही, अंगठ्यापासून एकेक बोट सोडवत जायचं. आत तळहातावर नखांच्या चार खुणा उमटलेल्या, घामाचा आंबूस वास. पुसून कोरडं केलं, नखं कापली, छोटा नॅपकिन गुंडाळून मुठीत ठेवला म्हणजे नखं पुन्हा रुतणार नाहीत. आजी बोलू शकत नव्हत्या, त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. दुसऱ्या वर्षीच्या स्टेटमेंटमध्ये मी फक्त हे लिहिलं, की मी तो हात सोडून पुढे निघाले होते आणि कुणीतरी मला थांबवलं. इंटरव्ह्यूत तिघांपैकी दोघांनी त्यावरच विचारलं. तुझी गोष्ट वेगळी असेल, पण ती तिथेच सापडेल, टेबलाशी बसून सापडणार नाही. आणि खरं सांगू का, ती शाळेसाठी जेवढी लागते त्याहून जास्त तुला स्वतःला लागते, कारण पहाटे पावणेसातला क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष शिक्षणाला, उभं राहून बारा तास काढताना, त्याच आठवड्यात फार्माकॉलॉजीची परीक्षा असताना, आपण हे का करतोय ते आठवावं लागतं.

शाळा निवडताना मोठ्या नावांवर सगळी भिस्त ठेवू नकोस. एनवाययूचा १५ महिन्यांचा आहे, रटगर्सचा जवळ पडतो, कर अर्ज, पण दोन-तीन अशाही ठेव जिथे तुझे आकडे आरामात बसतात. प्रत्येक शाळा सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांची मान्यताप्राप्त आहे का बघ आणि तिचा पहिल्या प्रयत्नातला एनक्लेक्सचा, म्हणजे नर्सच्या परवान्याच्या परीक्षेचा, निकाल बघ, राज्याचं नर्सिंग बोर्ड तो जाहीर करतं. "प्रीरेक्विझिट नको, वर्ग नको, थेट डिप्लोमा" म्हणणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातलं प्रकरण बाहेर आलं, ७,६०० हून जास्त बोगस नर्सिंग डिप्लोमे विकले गेले होते.

पैशाचं नवऱ्याशी आत्ताच स्पष्ट बोलून घे. कोर्स चालू असताना नोकरी जवळपास अशक्य आहे, एच-फोरवर सरकारी कर्ज मिळत नाही, आणि पेल ग्रँट ही सरकारी मदत तर एकदा बॅचलर्स झालं की इथल्या नागरिकांनाही मिळत नाही. मध्येच ग्रीन कार्ड झालं तर सरकारच्या नर्स कॉर्प्स स्कॉलरशिपचा अर्ज नक्की भर, ते फी देतात आणि बदल्यात निदान दोन वर्षं नर्सेसची टंचाई असलेल्या ठिकाणी काम करावं लागतं.

एक बारीक गोष्ट राहिली, पण आपल्याकडच्या प्रत्येकीला नडते. अ‍ॅडमिशन मिळाली की टीबीची टेस्ट मागतात. आपल्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लशीचा, व्रण आहे, त्यामुळे कातडीवरची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे आणि धावपळ. तू सरळ रक्ताची टेस्ट, क्वांटिफेरॉन, करून दे म्हणून सांग. आणि हेपॅटायटिस बीच्या लसी आताच सुरू कर, नेहमीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने जातात.

रविवारी दुपारी तीननंतर फोन कर, मी उठलेली असेन. मार्कशीट समोर ठेव, शाळांची यादी तारखांसकट लिहून ठेव, आणि आईला सांगून तुझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोधून फोटो मागव, ते बहुतेक कपाटात जन्माच्या दाखल्यासोबतच असतं.

तुझी ताई