'रिफ्रेन' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय? गाण्यातला 'रिफ्रेन' तोच का?

अर्थ सोपा: स्वतःला आवरणे. जीभ शिवशिवतेय तरी गप्प बसलात, की झालं रिफ्रेन. मूळ लॅटिन 'फ्रेनुम', म्हणजे घोड्याचा लगाम. फ्रेंच लोक आजही गाडीच्या ब्रेकला 'फ्रँ' म्हणतात, तो हाच लगाम.

पण उत्तर लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा नोटीस लावली: 'व्हिजिटर्स आर रिफ्रेन्ड फ्रॉम पार्किंग हिअर'. मी पेन्सिलीनं 'रिक्वेस्टेड टु रिफ्रेन' अशी दुरुस्ती केली. सही केली नव्हती, पण माझं अक्षर सगळे ओळखतात. रविवारच्या सभेत गळक्या टाकीचा विषय राहिला बाजूला आणि पाऊण तास यावरच. ते म्हणाले, "बँकेत ३६ वर्षं ड्राफ्टिंग केलंय मी." मी म्हटलं, "साहेब, पाहुण्यांना तुम्ही अडवताय ना? मग ते 'रिस्ट्रेन'. रिफ्रेन ज्याचं त्यानं व्हायचं असतं, दुसऱ्याला करता येत नाही." शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "मग गाडी लावायची की नाही?" नोटीस तशीच राहिली. सेक्रेटरी लिफ्टमध्ये अजून माझ्याशी बोलत नाहीत.

गाण्यातला रिफ्रेन, म्हणजे आपलं पालुपद, हा निराळाच शब्द. त्याचं मूळ 'रेफ्रिंगेरे', मोडणे, 'फ्रॅक्चर'चं भावंड. कडव्यांची सलग चाल मोडून मध्ये येतं ते पालुपद. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकू नका.

लिहिताना 'रिफ्रेन टु' नको, 'रिफ्रेन फ्रॉम' हवं. आणि पाटीवर तर हा शब्दच कशाला? 'इथे गाडी लावू नये', चार शब्दांत काम होतं. सभेत मी हेच तर सांगत होतो!

हां, एक कबूल करायला हवं. १६११च्या किंग जेम्स बायबलात, पेत्राच्या पहिल्या पत्रात, 'रिफ्रेन हिज टंग' असं आहे, म्हणजे जिभेला लगाम घालावा. एके काळी या क्रियापदाला कर्म चालायचं तर! मला हे सभेनंतर कळलं. सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही. तशी तिथेही जीभ ज्याची त्याचीच आहे, पाहुण्यांची नाही. नोटीस चूकच होती.