सगळे पास झाले, तिकिटं मात्र तशीच

प्रश्न: सर्व्हिस डेस्कवरच्या (आयटीच्या तक्रारी घेणाऱ्या) १२ जणांना आयटीआयएल ४ फाउंडेशन (आयटी सेवा-व्यवस्थापनाचा प्राथमिक कोर्स) करायला लावलं. सगळे पास झाले, तरी बंद केलेली तिकिटं (युजरच्या तक्रारींच्या नोंदी) पुन्हा उघडतातच. खर्च वाया गेला का?

उत्तर: ही परीक्षा ४० बहुपर्यायी प्रश्नांची, ६० मिनिटांची, २६ बरोबर आले की पास. संकल्पना कळल्या की नाही, एवढंच त्यातून समजतं. वैतागलेल्या युजरला फोनवर कसं सांभाळायचं, हे ती तपासत नाही. तरी वाया गेला असं मी म्हणणार नाही. सेवा बंद पडली तो इन्सिडंट आणि ती ज्यामुळे पडते तो प्रॉब्लेम, हे आता बाराही जणांना ठाऊक आहे. ते वापरायची वेळ मात्र तुम्ही काढून द्यायला हवी. पुन्हा उघडलेली गेल्या तीन महिन्यांतली तिकिटं काढा, कारणांप्रमाणे गट पाडा. सर्वांत मोठ्या गटाचा प्रॉब्लेम रेकॉर्ड एकाच्या नावावर करा आणि सापडलेला उपाय नॉलेज बेसमध्ये (सगळ्यांना पाहता येणाऱ्या उपायांच्या संग्रहात) लिहायला त्याला ड्यूटीतलाच वेळ द्या.

आणखी एक, जरा टोचेल असं. दिवसाला किती तिकिटं बंद केली, यावरच अप्रेझल ठरत असेल, तर युजरचं काम झालंय का हे न विचारता माणसं तिकीट बंद करणारच. तिथे कुठलाच कोर्स कामाचा नाही. आधी ते मोजमाप बदला.

प्रश्न: माझं सर्टिफिकेट आयटीआयएल व्ही३ चं आहे. आता निरुपयोगी का?

उत्तर: शिकलेलं कुठे जात नाही. पण आयटीआयएल ४ येऊनही बरीच वर्षं झाली (२०१९), आणि नोकरीच्या जाहिरातींत तेच मागतात. नवं घेताना तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, हे हिशेबात धरा.

प्रश्न: क्लायंट आयएसओ २०००० (आयटी सेवा-व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) मागतो. सगळ्यांना कोर्स करायला लावला तर भागेल?

उत्तर: नाही. ते प्रमाणपत्र संस्थेला मिळतं, व्यक्तीला नाही. ऑडिटर तुमची सेवा-व्यवस्थापनाची पद्धत आणि तिच्या नोंदी तपासतो. कोर्समुळे तयारी सोपी होते, इतकंच.

प्रश्न: ट्रेनिंगचा फायदा आकड्यांत दाखवा, असं साहेब म्हणतात. कसा दाखवू?

उत्तर: डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या इथे उपयोगी पडतात: कोर्स आवडला का, त्यातून शिकले का, काम करण्याची रीत बदलली का आणि शेवटी निकाल बदलला का. फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीवर थांबतो, सर्टिफिकेट दुसऱ्या. साहेबांना हवी आहे चौथी. त्यासाठी पहिल्याच कॉलमध्ये सुटलेल्या तक्रारी, पुन्हा उघडलेली तिकिटं आणि वरच्या टीमकडे ढकललेली तिकिटं यांचे आकडे ट्रेनिंगच्या आधीच लिहून ठेवा. नंतर आठवून काढलेल्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. त्याच महिन्यात नवं टिकेटिंग टूल आणलं असेल, तर तेही अहवालात नमूद करा. नाहीतर सुधारणेचं श्रेय कोर्सला की टूलला, हा पहिला प्रश्न साहेबच विचारतील.