जानेवारीची धास्ती

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकन फुटबॉलचा २०२५ चा हंगाम सुरू होत आहे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे बफलो बिल्स या एकाच संघाविषयी होती, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : आम्ही २०१२ पासून बफलोजवळच्या अ‍ॅमहर्स्ट गावी राहतो. आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे शिरस्त्राणे घालून एकमेकांच्या अंगावर धावून जाणे, एवढीच आमची समजूत होती. आता मात्र रविवारच्या पोळ्या सामन्याआधी लाटून होतात. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेल्या २६ जानेवारीला कॅन्सस सिटीत बिल्स ३२-२९ असे हरले, तेव्हा तो रडतच झोपला आणि सकाळी उठल्यावर म्हणाला, “बाबा, आपण नेहमी त्यांच्याशीच का हरतो?” मला उत्तर सुचले नाही. हे नशीब आहे, की संघातच काही उणे आहे? आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य खेळाडू, जॉश अ‍ॅलन आता २९ वर्षांचा झाला. त्याच्या कारकिर्दीत तरी सुपर बाउलचे, म्हणजे एनएफएल या लीगच्या अंतिम सामन्याचे, विजेतेपद मिळेल का? आणि मुलाला काय सांगू?
— एक वाचक, अ‍ॅमहर्स्ट

उत्तर : आपल्या मुलाचा प्रश्न रास्त आहे, त्यातला ‘नेहमी’ हा शब्द तेवढा तपासून घ्यावा लागेल. २०२० ते २०२४ या पाच हंगामांत बिल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांची साखळीत दरवर्षी एकदा गाठ पडली आणि त्या पाचांपैकी चार सामने बिल्सने जिंकले. बाद फेरीत मात्र जानेवारी २०२१ मध्ये ३८-२४, २०२२ मध्ये ४२-३६, २०२४ मध्ये २७-२४ आणि यंदा ३२-२९ असे चारही सामने चीफ्सने घेतले. हे सगळे आकडे एका कागदावर मांडले, की नशिबाचा मुद्दा बराचसा मागे पडतो. साखळीतल्या पाच सामन्यांत बिल्सने एकूण १०४ गुण दिले, म्हणजे सामन्यामागे २१ च्या आसपास. बाद फेरीतल्या चार सामन्यांत दिले १३९, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ ३५. बिल्सने स्वतः केलेल्या गुणांची सरासरी मात्र साखळीत २६ च्या जवळ आणि बाद फेरीत २८ च्या थोडी वर, म्हणजे जानेवारीत वाढलेलीच दिसते. मोठ्या सामन्यात अ‍ॅलनचा हात आखडतो असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. गळती बचावात आहे, आणि गंमत अशी की २०१७ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून आलेले शॉन मॅकडरमॉट हे मुळात बचावाचेच शिक्षक आहेत.

सगळ्यांत झोंबणारे उदाहरण २३ जानेवारी २०२२ चे. अ‍ॅलनने गेब्रिएल डेव्हिसला त्या सामन्यातले चौथे टचडाउन (चेंडू समोरच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे गुण) दिले, बिल्स ३६-३३ असे पुढे गेले आणि घड्याळात १३ सेकंद उरले. त्यानंतरची किक बिल्सने थेट शेवटच्या पट्ट्यात मारली, त्यामुळे घड्याळातला एक सेकंदही खर्च झाला नाही. तीच किक आखूड मारली असती, तर चेंडू परत पळवत आणण्यात चीफ्सचे चारपाच सेकंद तरी गेले असते. मग चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सने टायरीक हिलकडे १९ यार्डांचा आणि ट्रॅव्हिस केल्सीकडे २५ यार्डांचा असे दोन पास दिले, ४९ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक) झाला, बरोबरी झाली, जादा वेळेची नाणेफेक बिल्स हरले आणि अ‍ॅलनच्या हाती पुन्हा चेंडूच आला नाही. दोनच महिन्यांनी लीगने नियम बदलला आणि बाद फेरीच्या जादा वेळेत दोन्ही संघांना चेंडू मिळेल असे ठरवले. नियम बिल्समुळे बदलला, बिल्सच्या उपयोगी पडला नाही. बफलोत आजही नुसते ‘तेरा सेकंद’ म्हटले, की समोरचा माणूस मान खाली घालतो.

बचाव नेमका जानेवारीतच का ढासळतो, याचे एक कारण दुखापतींत आहे. २०२२ च्या त्या सामन्यात ट्रे व्हाइट हा मुख्य कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, गुडघ्यामुळे बाहेर होता. २०२४ मध्ये तो पुन्हा बाहेर होता आणि मधल्या फळीतले मॅट मिलानो व टेरेल बर्नार्डही खेळू शकले नाहीत. यंदा ख्रिश्चन बेनफर्डला डोक्याला मार लागून सामना अर्धवट सोडावा लागला. दुसरे कारण पैशाचे आहे. लीगमधल्या प्रत्येक संघाला पगाराची एकच कमाल मर्यादा असते, या हंगामासाठी ती २७ कोटी ९२ लाख डॉलर आहे, आणि अ‍ॅलनचा मार्चमध्ये झालेला सहा वर्षांचा करार ३३ कोटींचा. कराराची रक्कम हिशेबात पुढेमागे करता येते, तरीही एका खेळाडूवर एवढे लावल्यावर बाकीच्यांसाठी हात आखडावाच लागतो. म्हणून व्यवस्थापन नामांकित पण दुखापतींनी पिडलेल्या खेळाडूंवर डाव लावते. २०२२ मध्ये व्हॉन मिलरवर लावला. तो त्याच नोव्हेंबरात गुडघा दुखावून बाहेर गेला आणि यंदा मार्चमध्ये त्याला मोकळे केले. आता त्याच जागी जोई बोसा आला आहे आणि त्याचाही दुखापतींचा इतिहास लांबलचक आहे. माझी खरी काळजी इथे आहे. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, संघाने आपले पहिले पाचही खेळाडू बचावासाठी निवडले, म्हणजे दुखणे त्यांना कळले आहे. पण त्यांतला पहिलाच, मॅक्सवेल हेअरस्टन, सराव शिबिरात गुडघा दुखावून बसला.

अ‍ॅलनच्या वयाची चिंता आत्ताच नको. २०२४ च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि संघाने आपला गट सलग पाच वर्षे जिंकला आहे. दरवर्षी बाद फेरी गाठत राहणे, एवढेच कोणत्याही संघाच्या हातात असते. मायामीचा डॅन मरीनो कारकिर्दीच्या दुसऱ्याच हंगामात सुपर बाउल खेळला, हरला, आणि एकूण १७ हंगाम खेळूनही तिथे परत पोहोचला नाही. डेन्व्हरचा जॉन एल्वे तीन सुपर बाउल हरला आणि वयाच्या ३७ व्या व ३८ व्या वर्षी लागोपाठ दोन जिंकला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि हंगामाच्या तोंडावर चाहत्याने एल्वेची आठवण काढली तर त्यात काही गैर नाही.

मुलाला स्कॉट नॉरवुडची गोष्ट सांगा. २७ जानेवारी १९९१ रोजी टॅम्पात न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने ४७ यार्डांवरून मारलेली किक उजवीकडून बाहेर गेली आणि बिल्स आपला पहिला सुपर बाउल २०-१९ असा हरले. पुढची तीन वर्षेही ते अंतिम सामन्यात पोहोचून हरले. लागोपाठ चार वर्षे तिथे पोहोचणे आजवर दुसऱ्या कुठल्याही संघाला जमलेले नाही. पण टॅम्पाच्या दुसऱ्या दिवशी संघ घरी परतला, तेव्हा बफलोच्या नायगरा स्क्वेअरमध्ये हजारो माणसे थंडीत उभी होती, आणि जिम केली किंवा थर्मन थॉमस या संघातल्या बड्या खेळाडूंऐवजी ती ‘आम्हाला स्कॉट हवा’ असा घोष करत होती. तो डोळे पुसत पुढे आला. मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला हे नीट कळेल.

प्रश्न : आम्ही नवराबायको पंधरा वर्षे बिल्सची हंगामाची तिकिटे घेत आहोत. २०२६ मध्ये नवे मैदान सुरू होईल, तिथे तिकीट घेण्याआधी प्रत्येक खुर्चीमागे एकरकमी परवाना शुल्क भरावे लागले. पैसे भरून झाले, पण मन खाते आहे. हा खर्च शहाणपणाचा झाला का? आणि एवढे करून उद्या संघच दुसऱ्या शहरी गेला तर?
— एक वाचक, रॉचेस्टर

उत्तर : मुंबईकर वाचकांना हे शुल्क एका शब्दात समजेल : पागडी. पागडी देऊन भाडे चुकत नाही, भाडेकरू होण्याचा हक्क तेवढा मिळतो. तसेच हे शुल्क भरून तिकीट मिळत नाही, दरवर्षी तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळतो. खुर्चीच्या जागेप्रमाणे ते ५०० डॉलरपासून ५०,००० डॉलरपर्यंत आहे. जुन्या मैदानात ७१,००० हून अधिक प्रेक्षक बसतात, नव्यात सुमारे ६२,००० बसतील, तेव्हा खुर्च्या कमी झाल्यावर भाव चढणार हे उघडच होते. याला गुंतवणूक समजू नका. पुढच्या पंधरा वर्षांवर तो खर्च वाटून पाहा आणि वर्षाचा तो आकडा आपल्याला जड वाटत नसेल, तर मन खाऊ देऊ नका. माझ्या मते खरा अन्याय तुमच्यावर झालेला नाही. वर्षाकाठी एखादाच सामना पाहण्यासाठी मुलांना घेऊन वरच्या रांगांत बसणाऱ्या कुटुंबावर तो होईल, आणि बफलो शहर न्यूयॉर्क राज्यातल्या गरीब शहरांपैकी असल्याने ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. या बांधकामात राज्याचे ६० कोटी आणि ईरी काउंटीचे २५ कोटी डॉलर आहेत, म्हणजे त्या कुटुंबाचेही पैसे आहेतच.

संघ जाण्याच्या भीतीला मात्र या व्यवहाराने जवळजवळ पूर्णविराम मिळाला आहे, कारण सरकारी पैशाच्या बदल्यात ३० वर्षांचा करार झाला. मूळ अंदाज १ अब्ज ४० कोटींचा होता, खर्च २ अब्जांच्या वर गेला, आणि वाढीव भार करारानुसार संघाच्या मालकांवर पडला. ही भीती वेडगळ नव्हती, हे तुमच्यासारख्या जुन्या प्रेक्षकांना ठाऊकच आहे. २००८ ते २०१३ या काळात बिल्स आपला एक ‘घरचा’ सामना दरवर्षी टोरोंटोत खेळत होते. १९६० पासूनचे मालक राल्फ विल्सन मार्च २०१४ मध्ये वारले, तेव्हा बोली लावणाऱ्यांत टोरोंटोच्या गुंतवणूकदारांचा एक गटही होता. अखेर टेरी आणि किम पेगुला यांनी १ अब्ज ४० कोटी डॉलरना संघ घेतला आणि तो इथेच राहिला. बाल्टिमोर कोल्ट्स १९८४ मध्ये रातोरात सामानाच्या ट्रकांत बसून इंडियानापोलिसला गेले होते आणि क्लीव्हलंडचा संघ १९९६ मध्ये बाल्टिमोरला नेला गेला, तेव्हा या लीगमध्ये काहीही घडू शकते.

नव्या मैदानावर पूर्ण छप्पर नाही, निम्म्याहून अधिक खुर्च्यांवर छत्रासारखे आच्छादन आहे. अनेकांना हे खटकले, मला पटले. ईरी सरोवरावरून येणारा वारा हा पाहुण्या संघाला भारी पडणारा आपला बारावा गडी आहे. अर्थात जानेवारी २०२४ मध्ये हिमवादळामुळे पिट्सबर्गविरुद्धचा सामना रविवारचा सोमवारवर गेला आणि खुर्च्या मोकळ्या करण्यासाठी संघाने चाहत्यांनाच रोजंदारीवर फावडी घेऊन बोलावले, तेव्हा हा गडी आपल्याही अंगावर येतो हे मान्य करावे लागेल. उबदार कपडे टाकून देऊ नका.

प्रश्न : २७ जानेवारीला पहाटे पाचला उठून मी तो सामना पाहिला. शेवटच्या सत्रात अ‍ॅलन स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि पंचांनी तो इंचभर कमी पडला असे ठरवले. क्रिकेटमध्ये पायचीतसाठी चेंडूचा माग काढणारे तंत्र इतकी वर्षे आहे. एवढ्या श्रीमंत लीगकडे ते नाही का? त्या निर्णयानेच बिल्स हरले ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नव्या वाचकांसाठी आधी दोन वाक्ये. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचे. चौथ्या प्रयत्नातही जमले नाही तर चेंडू आहे त्या जागी समोरच्या संघाकडे जातो. बिल्स २२-२१ असे पुढे होते, चौथ्या डाउनला जेमतेम एक यार्ड हवा होता, आणि माणसांच्या ढिगाऱ्याखाली चेंडू कुठवर पोहोचला याविषयी दोन बाजूंच्या पंचांच्या खुणांत फरक दिसत होता. निर्णय बिल्सच्या विरोधात गेला आणि पुनरावलोकनातही तो टिकला.

क्रिकेटने २००१ मध्ये पहिल्यांदा पाहिलेले हॉक-आय या हंगामापासून इथेही येत आहे, पण आपल्याला हवे त्या कामासाठी नाही. चेंडू ठेवलेल्या जागेपासून दहा यार्डांच्या रेषेपर्यंतचे अंतर ते कॅमेऱ्यांनी मोजेल. आजवर ते मोजमापाची साखळी ओढून मोजत असत. चेंडू नेमका कुठे ठेवायचा हे मात्र पूर्वीसारखेच पंच डोळ्यांनी ठरवतील. पायचीतमध्ये चेंडू सतत कॅमेऱ्याला दिसत असतो; इथे तो अ‍ॅलनच्या पोटाशी आणि त्याच्यावर सातआठ धिप्पाड माणसे. त्यामुळे जानेवारीतला तो निर्णय हॉक-आय असते तरी बदलला असता असे मला वाटत नाही.

आणि त्या निर्णयाने बिल्स हरले, हेही मला मान्य नाही. त्यानंतर चीफ्स २९-२२ असे पुढे गेले, अ‍ॅलनने कर्टिस सॅम्युएलला पास देऊन २९-२९ अशी बरोबरी साधली, आणि सहा मिनिटे उरली होती. त्या सहा मिनिटांत बचावाने महोम्सला एकदा थोपवायचे होते, ते झाले नाही. पंचांवर राग काढणे सोपे असते. वर अ‍ॅमहर्स्टच्या वाचकांसाठी मांडलेला हिशेब तेवढा सोपा नाही. शिवाय त्याच्या आठवडाभर आधी बिल्स बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध २७-२५ असे जिंकले, ते मार्क अँड्र्यूजच्या हातून बरोबरीचा दोन गुणांचा झेल सुटला म्हणून, हे आपण सगळे फार लवकर विसरलो.

तेच रेव्हन्स पहिल्या सामन्याला बिल्सच्या घरी, ऑर्चर्ड पार्कमध्ये, येत आहेत. सामना ७ सप्टेंबरच्या रात्री आहे. आपल्याकडे तो सोमवारी, ८ तारखेला पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी सुरू होईल. गजर साडेपाचचा लावावा, म्हणजे चहा होतो.