नववीत गेल्यावर खेळ का सुटतो?

प्रश्न : माझी मुलगी सातवीपर्यंत शाळेच्या खो-खो संघात होती. आता नववीत शाळा, क्लास आणि गृहपाठ यांतून तिला मैदानावर जायला सवडच मिळत नाही. शाळेत आठवड्यातून दोन पीटीचे तास असतात. तेवढा व्यायाम पुरेसा नाही का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. पीटीच्या तासातली बरीच मिनिटे हजेरीत आणि रांगा लावण्यात जातात. शिवाय परीक्षा जवळ आली की हाच तास सर्वांत आधी गणिताकडे जातो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४६ देशांच्या अभ्यासात ११ ते १७ वर्षांचे ८१ टक्के विद्यार्थी या प्रमाणापेक्षा कमी हालचाल करणारे आढळले. मुलग्यांत हे प्रमाण सुमारे ७८ टक्के, तर मुलींमध्ये ८५ टक्के होते. भारताची स्थिती जगाच्या सरासरीपेक्षा किंचित बरी दिसते. अभ्यासकांच्या मते त्यामागे मुलग्यांचे क्रिकेट आणि मुलींच्या वाट्याला येणारी घरकामे असावीत. (झाडलोट ही हालचाल खरी, पण तिच्या जोरावर आपण समाधान मानावे असे मला वाटत नाही.)

तुमच्या मुलीला आळशी ठरवण्याआधी ती खेळायला गेली तर कुठे आणि कोणाबरोबर जाईल, हे पाहावे. क्लास सुटेपर्यंत अंधार पडतो, जवळच्या मैदानावर मोठ्या मुलांचा ताबा असतो, पाळीच्या दिवसांत शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते, आणि ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य भावाला कोणी ऐकवत नाही. सवड नसणे हे यांतले फक्त एक कारण आहे.

साठ मिनिटे सलग मिळायला हवीत असे नाही. रस्ता सुरक्षित असेल तर क्लासला स्कूटरवरून सोडण्याऐवजी तिला सायकलने जाऊ द्यावे. घरी दहा मिनिटे दोरीच्या उड्या मारल्या तरी हाडांना हवा तो ताण मिळतो. पालकसभेत गुणांबरोबर पीटीच्या तासाचीही चौकशी करावी. आणि खो-खो संघातल्या जुन्या मैत्रिणींपैकी जवळ कोण राहते, ते तिलाच विचारावे. रविवारी सकाळी मैदान मोकळे असते.